डिस्क आधी, डबा नंतर, पण डबाही महत्त्वाचा: जुने आणि परदेशी सिनेमे जमवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

नवीन माणूस या छंदात येतो तो बहुतेक वेळा डब्यामुळेच येतो. कुणाच्या तरी कपाटात एक देखणा बॉक्ससेट दिसतो, जाड पुठ्ठा, वर सुंदर चित्र, आत बुकलेट, आणि वाटतं की आपल्याकडेही असं पाहिजे. यात काहीच चूक नाही, मीही तसाच आलो. पण इतकी वर्षं डिस्क जमवल्यावर आणि पॅकेजिंगवर लोकांशी तासन्‌तास वाद घातल्यावर माझं मत पक्कं झालंय, ते आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचता येईल: चांगला डबा तो, ज्यातली डिस्क परत परत बाहेर काढावीशी वाटते आणि काढताना भीती वाटत नाही. बाकी सोनेरी अक्षरं, नंबर, लिमिटेड एडिशनचे स्टिकर हे सगळं त्याच्या नंतर.

पायरी १: आधी तुमचा प्लेअर काय वाजवतो ते बघा

हे कंटाळवाणं आहे पण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. आज तीन प्रकारच्या डिस्क मिळतात. डीव्हीडी, जी १९९६ च्या शेवटी जपानमध्ये आली आणि १९९७ मध्ये अमेरिकेत. ब्लू-रे, २००६ पासून. आणि फोरके अल्ट्रा एचडी ब्लू-रे, २०१६ पासून. डीव्हीडीच्या एका बाजूवर दोन लेअर, म्हणजे माहितीचे थर, धरून साधारण ८.५ जीबी माल मावतो, ब्लू-रेवर ५० आणि फोरकेवर १०० पर्यंत, त्यावरूनच चित्रात फरक का पडतो याचा अंदाज येईल. वरचा प्लेअर खालच्या डिस्क वाजवतो, उलट होत नाही, म्हणजे फोरके डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये चालणार नाही.

मग येतो रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारं कुलूप. डीव्हीडीचे रीजन १ ते ६ आहेत, ब्लू-रेचे फक्त तीन: ए म्हणजे उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, आग्नेय आशिया, बी म्हणजे युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सी म्हणजे भारत, चीन, रशिया आणि आसपासचे देश. फोरके डिस्कला रीजनची भानगड नसते, पण इथेच एक खड्डा आहे, फोरकेच्या डब्यात बरेचदा सोबत साधी ब्लू-रे पण देतात आणि सगळे एक्स्ट्रा, म्हणजे मुलाखती वगैरे, त्याच ब्लू-रेवर असतात आणि ती मात्र लॉक केलेली असू शकते. म्हणजे सिनेमा दिसतो आणि एक दीड तासाची मुलाखत दिसत नाही. परदेशी सिनेमे मनापासून जमवायचे असतील तर रीजन फ्री प्लेअर घ्या, तोच तुमचा सगळ्यात महत्त्वाचा खर्च. दहा डिस्क कमी घेतल्या तरी चालतील.

गेमिंग कन्सोलवर बघणार असाल तर एवढं बघून घ्या की त्याला डिस्कची खाच आहे आणि तो फोरके वाजवतो. प्लेस्टेशन फाइव्हचं डिस्कवालं मॉडेल वाजवतं, प्लेस्टेशन फोर नाही वाजवत.

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चित्र गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा, शक्य असेल तर फिल्ममेकर मोड लावा. चित्र ताणून स्क्रीनभर करायची सवय असेल तर तीही सोडा. जुना सिनेमा १.३७ च्या (म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट) चौकोनात असतो, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच, त्या पट्ट्या म्हणजे दोष नाही, त्या आहेत म्हणून तर पूर्ण फ्रेम दिसतेय.

पायरी २: एक धागा पकडा

सुरुवातीला जे दिसेल ते घ्यायचा मोह होतो आणि मग वर्षभराने कपाटात चाळीस डिस्क आणि बघितलेल्या नऊ. त्यापेक्षा एक धागा घ्या. एखादा दिग्दर्शक, एखादा देश आणि एक दशक, एखादी नटी, एखादा कॅमेरामन, काहीही. मी पन्नासच्या दशकातल्या जपानी सिनेमापासून सुरू केलं, कारण एक ओढून दुसऱ्याकडे नेत होता, एकातला सहनट दुसऱ्यात मुख्य भूमिकेत सापडायचा, आणि दहा डिस्क झाल्यावर मला कळायला लागलं की मला काय आवडतं. पहिल्या दहा डिस्क बघून झाल्याशिवाय अकरावी घ्यायची नाही, एवढा एकच नियम मी नवीन माणसाला कडक शब्दांत सांगतो.

पायरी ३: सिनेमा तोच, डिस्क कुठली?

ही पायरी नीट वाचा, खरा छंद इथे आहे. एकाच जुन्या सिनेमाच्या पाच-सात डिस्क बाजारात असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तेव्हा डबा हातात आला की आधी उलटा करा. पुढची बाजू विकण्यासाठी असते, मागची बाजू माहितीसाठी. तिथे काय शोधायचं?

सगळ्यात आधी लांबी, म्हणजे किती मिनिटं. 'मेट्रोपोलिस' घ्या, १९२७ चा मूकपट. प्रदर्शित झाल्यावर कापला गेला आणि कापलेला भाग हरवला असंच सगळे धरून चालले होते, मग २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये एक १६ एमएमची जवळजवळ पूर्ण प्रिंट सापडली आणि २०१० मध्ये साधारण २५ मिनिटं वाढवून नवी आवृत्ती आली. ती अडीच तासांच्या आसपास आहे. १९८४ ची गाणी घातलेली आवृत्ती दीड तासाहूनही कमी. डब्यावरचं चित्र मात्र बहुतेक वेळा तेच, तीच यंत्रबाई. मिनिटं वाचली नाहीत तर तुम्ही काय घेतलं तेच कळणार नाही.

मूकपटांत वेगाचाही प्रश्न असतो. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) सेकंदाला २० फ्रेमने चालवला तर ९७ मिनिटं, २४ ने चालवला तर ८१. म्हणजे यात काहीही कापलेलं नाही, फक्त वेग वेगळा. काही चांगल्या एडिशनमध्ये दोन्ही दिलेत, आणि दोन्ही बघितल्यावर लक्षात येतं की त्या चेहऱ्यांवरचं दुःख वेगाबरोबर बदलतं. (या सिनेमाची मूळ आवृत्ती हरवली होती, १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयातल्या कपाटात सापडली. असं काही वाचलं की मला डिस्क हातात धरल्यावर वेगळंच वाटतं.)

बोलपटांच्या युरोपियन डीव्हीडीत आणखी एक गंमत आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि तिकडची टीव्हीची पाल पद्धत २५ ची, म्हणून सिनेमा चार टक्के जोरात पळवतात. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित बारीक होतो. संगीतवाल्या सिनेमात कान तयार असेल तर खटकतं. ब्लू-रेवर हा त्रास बहुतेक संपला. तेव्हा जुन्या डीव्हीडीवर चार मिनिटं कमी दिसली तर लगेच सेन्सॉरने कापलं म्हणून ओरडू नका, आधी गुणाकार करून बघा.

मग फ्रेमचा आकार. १.३३ किंवा १.३७ जुने, १.६६ युरोपात बराच चालला, १.८५ अमेरिकेत, २.३५ आणि २.३९ रुंद पडदा. मूळ आकार जपलाय का ते बघा. कधी कधी मूळ आकार कुठला यावरच जाणकारांचं एकमत नसतं, 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) ची २०१३ मधली क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ब्लू-रे तीन वेगवेगळ्या आकारांत सिनेमा देते, १.३३, १.६६ आणि १.८५, आणि मला हा फार प्रामाणिक मार्ग वाटतो.

रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या फिल्मची दुरुस्ती, हा शब्द दिसला की नवीन लोक खूश होतात. थोडं थांबा. कोणी केलं, कशावरून केलं, कधी केलं? मूळ निगेटिव्हवरून की दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या कॉपीवरून? सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचं उदाहरण सांगतो. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत निगेटिव्ह भाजल्या. पुढे कित्येक वर्षांनी 'पाथेर पांचाली' आणि 'अपराजितो' च्या त्या जळक्या, आखडलेल्या फिल्ममधला वापरता येईल तेवढा भाग इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये हाताने दुरुस्त करून स्कॅन केला, उरलेला भाग दुसऱ्या चांगल्या कॉपींवरून घेतला, आणि २०१५ मध्ये ते सिनेमे नव्याने आले. ही माहिती एडिशनमध्ये दिलेली असली की तुम्हाला कळतं तुम्ही काय बघताय. ज्या डब्यावर फक्त "नवीन रिस्टोरेशन" एवढंच छापलंय आणि आत कुठेच तपशील नाही, तिथे मी सावध होतो.

शिवाय रिस्टोर केलेलं म्हणजे मूळ जसं होतं तसंच, असंही नाही. वॉंग कार-वायच्या सिनेमांचा २०२१ चा संच आला तेव्हा दिग्दर्शकानेच रंग बदलले होते आणि 'फॉलन एंजल्स' ची फ्रेम १.८५ वरून २.३९ केली होती. त्याचा तो हक्क आहे असं काही म्हणतात, काही म्हणतात की आम्ही १९९५ मध्ये जे बघितलं ते आम्हाला हवंय. माझ्या मते दोन्ही हवं, जुनी आवृत्ती दुसऱ्या डिस्कवर का असेना पण द्यावी. तोवर ज्यांच्याकडे जुन्या डिस्क आहेत त्यांनी त्या विकू नयेत.

ग्रेन म्हणजे ते बारीक दाणे, ते घाण नाही, ती फिल्म आहे. दाणे पुसून चेहरे मेणाचे केलेली डिस्क नवीन माणसाला "क्लीन" वाटते, पण भुवयांचे केस आणि कपड्याची वीण बघा, तीही त्याबरोबर गेलेली असते.

आणि सबटायटल. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. परदेशी सिनेमा आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो आणि सबटायटलच्या कानांनी ऐकतो. डिस्क कुठल्या देशातली आहे ते बघा, जपानी डिस्कवर जपानी सिनेमाला इंग्रजी सबटायटल असतीलच असं नाही, फ्रेंच डिस्कवर फ्रेंच सिनेमाला बरेचदा नसतात. चित्र अप्रतिम आणि एक शब्द कळत नाही, अशी डिस्क माझ्याकडे एक आहे.

पायरी ४: लेबल ओळखा, पण नंबरांच्या मागे लागू नका

लेबल म्हणजे सिनेमा डिस्कवर काढणारी कंपनी. अमेरिकेत क्रायटेरियन आणि किनो लॉर्बर, ब्रिटनमध्ये युरेकाची मास्टर्स ऑफ सिनेमा मालिका, बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट), ॲरो, सेकंड रन, इंडिकेटर, आणि अलीकडची रेडियन्स. प्रत्येकाची चव वेगळी. सेकंड रन मध्य आणि पूर्व युरोपातलं फार जीव लावून काढते, ॲरोकडे भयपट आणि गुन्हेपट जास्त, पण तेवढंच नाही.

क्रायटेरियनची सुरुवात १९८४ मध्ये लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) झाली, 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' पासून, आणि सिनेमा चालू असताना त्यावर बोलणारी ऑडिओ कॉमेंट्री त्याच 'किंग काँग' वर पहिल्यांदा आली. त्यांच्या डब्याच्या कण्यावर, म्हणजे स्पाइनवर, नंबर असतो आणि त्या नंबरांनी कित्येक लोकांना वेड लावलंय, एक ते अमुकपर्यंत सलग पाहिजेत. आता बघा, डीव्हीडीचा नंबर १ आहे फ्रेंच दिग्दर्शक रेन्वारचा 'ला ग्रांद इल्युझिओं' (१९३७), पण तो बाजारात पहिला आलाच नाही, कारण काम चालू असताना मूळ कॅमेरा निगेटिव्ह उपलब्ध असल्याचं कळलं. ती निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात बर्लिनला गेली, तिथून मॉस्कोला, आणि पुढे फ्रान्समधल्या तुलूझच्या फिल्म संग्रहात कुणाच्या लक्षात न येता पडून होती. डिस्क आली १९९९ मध्ये, आणि नंतर हक्क गेल्यामुळे छपाईच बंद झाली. नंबर २ म्हणजे 'सेव्हन सामुराय', तो १९९८ मध्ये आला, २००६ मध्ये नव्या ट्रान्सफरसकट (म्हणजे फिल्मवरून डिस्कसाठी नव्याने केलेल्या कॉपीसकट) तीन डिस्कचा आला, २०१० मध्ये ब्लू-रे, २०२४ मध्ये फोरके. नंबर प्रत्येक वेळी २ च. तेव्हा जुन्या बाजारात कुणी "नंबर दोन आहे माझ्याकडे" म्हणालं तर त्याचा अर्थ काहीच होत नाही, कुठला दोन ते विचारा.

छपाई बंद होणं, म्हणजे आउट ऑफ प्रिंट, हे मात्र खरं संकट असतं. हक्क ठरावीक वर्षांसाठी घेतलेले असतात, संपले की डिस्क जाते. त्यामुळे जो सिनेमा तुम्हाला आत्ता मनापासून हवाय आणि ज्याची चांगली डिस्क आत्ता मिळतेय, तो घ्या. जो फक्त "जाईल" या भीतीने घ्यावासा वाटतोय तो सोडा. बरेचदा चार-पाच वर्षांत दुसरं लेबल आणखी चांगली काढतं. नेहमी नाही, पण बरेचदा.

पायरी ५: आता डबा

इथपर्यंत धीर धरलात म्हणून आता मनसोक्त बोलू. पॅकेजिंगचे मुख्य प्रकार आणि प्रत्येकाबद्दल माझं मत असं.

साधा प्लॅस्टिकचा डबा. याला लोक नाकं मुरडतात आणि मी याचा मोठा समर्थक आहे. डिस्क मधल्या बटणावर घट्ट बसते, बटण दाबलं की सुटते, डबा फुटला तर नवा आणून कागद त्यात सरकवायचा, काम झालं. पारदर्शक असेल तर आतल्या बाजूलाही चित्र छापता येतं. फक्त ते जाळीसारखी भोकं पाडलेले हलके डबे येतात ना, ते नकोत, त्यातून कागदावर दाब पडतो आणि पुढचं चित्र चेपतं.

डिजिपॅक म्हणजे पुठ्ठ्याच्या घडीवर चिकटवलेला प्लॅस्टिकचा ट्रे. उघडताना पुस्तकासारखं वाटतं, फार देखणं. पण ट्रेचे दात तुटले की संपलं, बदलता येत नाही, आणि पोस्टातून येताना हे दात तुटतातच. हलवून बघा, आत खुळखुळ आवाज आला की समजा डिस्क सुटून फिरतेय. त्यातही एका ट्रेवर दोन डिस्क एकमेकींवर चढवलेल्या असतात तो प्रकार मला अजिबात आवडत नाही, खालची काढायला वरची आधी काढावी लागते, आणि वरची कुठे ठेवणार? मांडीवर.

पुठ्ठ्याचे खिसे. मोठ्या बॉक्ससेटमध्ये हेच असतात कारण जागा कमी लागते आणि पुस्तकासारखं रूप येतं. डिस्क खिशातून ओढताना दर वेळी घासते. खिसा घट्ट असेल तर बोटं डिस्कच्या खालच्या बाजूला लागल्याशिवाय ती निघतच नाही, आणि काही वेळा आतला गोंद डिस्कच्या कडेला लागतो. याला नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणावं इतकी माझी काही देखण्या सेटबद्दल तक्रार आहे. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा २०१८ चा ३९ सिनेमांचा संच पुस्तकाच्या रूपात आला, तेव्हा त्याची मांडणी लोकांना खूप भावली, सिनेमे फिल्म फेस्टिव्हलसारखे क्रमाने लावलेले, आणि ती कल्पना खरंच सुंदर आहे, मांडणी म्हणून मी तिला पूर्ण मार्क देतो. पण खिशातल्या डिस्कसाठी मी एकच उपाय सांगेन, मऊ आतल्या पाकिटात घालून ती वेगळ्या डब्यात ठेवा आणि पुस्तक पुस्तकासारखं वाचा.

इथे एक तांत्रिक गोष्ट कळली की वाद सोपा होतो. डीव्हीडीत माहितीचा थर मधोमध असतो, वरून खालून ०.६ मिलिमीटरवर. ब्लू-रेत तो वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. म्हणून त्यावर कडक कोटिंग दिलेलं असतं आणि बारीकसारीक घासण्याने ती सहसा बिघडत नाही, पण खोल ओरखडा गेला की गेली, डीव्हीडीसारखी घासून पॉलिश करून वाचवता येत नाही. म्हणजे ब्लू-रे आणि फोरकेला खिसा जास्त धोक्याचा की कमी? रोजच्या घासण्याला कमी, अपघाताला जास्त. दोन्ही बाजूचे लोक अर्धं अर्धं बरोबर असतात.

स्टीलबुक, धातूचा डबा. चमकतो, छान दिसतो, आणि एकदा पोचा आला की आला. पारदर्शक प्लॅस्टिकचं बाहेरचं आवरण मिळतं ते चढवा. स्टीलबुकच्या मागच्या बाजूला माहितीचा एक कागद गोंदाच्या थेंबाने चिकटवलेला असतो, त्याला जे-कार्ड म्हणतात, तो काढताना हळू, गोंद बोटाने चोळून काढा, नखाने नाही. आणि तो कागद फेकू नका, याचं कारण शेवटी सांगतो.

स्लिपकव्हर, म्हणजे साध्या डब्यावर चढवलेलं पातळ पुठ्ठ्याचं आवरण. यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. फक्त पहिल्या छपाईला मिळतं म्हणून लोक आधीच बुकिंग करतात, नंतर जुन्या बाजारात स्लिपकव्हरसकट आणि विना अशी दोन वेगळी मोलं होतात. आतली डिस्क तंतोतंत तीच. माझं म्हणणं असं की स्लिपकव्हरवर डब्यावरचंच चित्र परत छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, वेगळं चित्र असेल किंवा कण्याचं उन्हापासून रक्षण होत असेल तर आहे. याउलट जाड कडक बॉक्स, ज्यात डबा आणि बुकलेट शेजारी शेजारी बसतात, तो मला योग्य वाटतो कारण ऐंशी पानांचं बुकलेट डब्यात मावतच नाही, त्याला घर लागतं.

ओबी. जपानी किमोनोच्या पट्ट्याचं नाव, पुस्तकांवर आणि रेकॉर्डवर ती कागदी पट्टी असते तीच. सगळी माहिती, लोगो, वयाचा शिक्का पट्टीवर, आणि पट्टी काढली की खाली नुसतं चित्र. रेडियन्सने हे छान वापरलंय. विकणाऱ्यालाही हवं ते मिळतं आणि ठेवणाऱ्यालाही. माझं सगळ्यात लाडकं पॅकेजिंग हेच, साधा पारदर्शक डबा, ओबी, आणि भरपूर मजकुराचं बुकलेट.

चित्राबद्दल थोडं. मूळ पोस्टर वापरावं की नवीन चित्रकाराकडून काढून घ्यावं? मी बराच काळ मूळ पोस्टरच्या बाजूने होतो, मग लक्षात आलं की बरीच मूळ पोस्टरं सिनेमाबद्दल चक्क खोटं बोलतात, संथ कौटुंबिक सिनेमाला प्रेमप्रकरण म्हणून विकलेलं असतं. चांगलं नवीन चित्र सिनेमा बघितल्यावर परत बघावंसं वाटतं, तेव्हा त्यातली एखादी खुर्ची किंवा खिडकी अचानक कळते. पण शेवट उघड करणारं चित्र मात्र गुन्हा आहे. मेन्यूमध्येसुद्धा. शेवटच्या प्रसंगाची क्लिप मेन्यूवर फिरवत ठेवतात त्यांना सिनेमा आवडत नाही असंच मी धरतो.

उलटसुलट घालता येणारं कव्हरही असतं, म्हणजे डब्याच्या कागदावर एका बाजूला नवं चित्र, दुसऱ्या बाजूला मूळ पोस्टर. वाद मिटवण्याचा इतका सोपा मार्ग असताना सगळी लेबलं तो का वापरत नाहीत मला कळत नाही.

पायरी ६: वाद घाला, पण उघडून

पॅकेजिंगवरचे वाद हा या छंदातला मोठा आनंद आहे, तो टाळू नका. फक्त एक पथ्य पाळा, जो डबा हातात घेतला नाही त्याच्यावर निकाल देऊ नका. फोटोत सगळं भारी दिसतं. हातात घ्या, तीन वेळा उघडा-बंद करा, एका हाताने डिस्क काढून बघा, कपाटातून ओढताना शेजारचा डबा सोबत येतो का बघा, मग बोला. "वाईट आहे" म्हणण्याऐवजी "दुसऱ्या डिस्कचं बटण इतकं घट्ट आहे की डिस्क वाकते" असं म्हणा, याने समोरच्याला पण काहीतरी मिळतं. आणि डिस्कवरची तक्रार डब्यावर काढू नका, डब्याची डिस्कवर काढू नका. ट्रान्सफर उत्तम आणि डबा भिकार, असं असतं. उलटही असतं, आणि ते जास्त घातक कारण पटकन लक्षात येत नाही.

कपाटात सगळे डबे एका उंचीचे पाहिजेत की नकोत हा वाद मात्र कधी संपत नाही. मला वेगवेगळी उंची चालते. माझ्या एका मित्राला अजिबात चालत नाही, तो मोठे बॉक्स झोपवून ठेवतो, त्याच्या कपाटात हात घालायची मला भीती वाटते.

पायरी ७: डिस्क घरी आल्यावर लगेच उघडा

हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतोय. एका चार डिस्कच्या सेटवरचं प्लॅस्टिक मी काढलंच नाही, इतका सुंदर होता, म्हटलं एखाद्या चांगल्या सुट्टीत बघू. दीड वर्षाने उघडला तर डिस्क दोन दोनदा होती आणि डिस्क तीन नव्हतीच. बदलून द्यायची मुदत केव्हाच संपलेली, सेटची छपाईही बंद. त्यातला तिसरा सिनेमा मला अजून बघायला मिळालेला नाही, आणि मुळात मी तो सेट त्याच सिनेमासाठी घेतला होता.

म्हणून पार्सल आलं की त्याच आठवड्यात उघडायचं. डिस्कवरची नावं डब्याशी जुळवायची. उजेडात तिरकी धरून खालची बाजू बघायची. प्रत्येक डिस्क प्लेअरमध्ये घालून सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा मिनिटं चालवायची, कारण दोष बरेचदा बाहेरच्या कडेला येतो, आणि डिस्क आतून बाहेर वाचली जात असल्याने एका लेअरच्या डिस्कवर ती कड म्हणजे सिनेमाचा शेवट, दोन लेअरच्या डिस्कवर बहुतेक वेळा मधला भाग. लेअर बदलतो तिथेही कधी अडकते. बुकलेटची पानं मोजा. प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवलेल्या डिस्कचं मोल वाढतं असं सांगणारे भेटतील, त्यांना विकायचंय, तुम्हाला बघायचंय.

पायरी ८: ठेवणं, पुसणं, नोंदणं

उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या, फार दाबून नाही. थेट ऊन नको, कणा फिका पडतो, लाल रंग सगळ्यात आधी जातो. दमट भिंतीला टेकवून ठेवू नका, पुठ्ठा फुगतो आणि बुकलेटची पानं चिकटतात. पुसायची वेळ आली तर मऊ मायक्रोफायबरने मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा डेटाच्या दिशेनेच जातो आणि प्लेअरला तो सावरता येत नाही.

यादी पहिल्या डिस्कपासून ठेवा. साधी वही चालेल. सिनेमाचं मूळ नाव, वर्ष, लेबल, डिस्क कुठल्या साली निघाली, रीजन, मिनिटं, सबटायटल, आणि कधी बघितला. मूळ नाव यासाठी की एकाच सिनेमाची वेगवेगळ्या देशांत वेगळी नावं असतात आणि माणूस तोच सिनेमा दोनदा घेतो. "कधी बघितला" हा रकाना रिकामा असलेल्या ओळी मोजल्या की पुढची खरेदी करायची की नाही त्याचं उत्तर आपोआप मिळतं.

आणि ते जे-कार्ड, स्टीलबुकच्या मागचं. मिनिटं, फ्रेमचा आकार, रीजन, सबटायटल, रिस्टोरेशन कोणी केलं, हे सगळं त्याच कागदावर असतं, धातूवर ते बहुतेक वेळा छापलेलं नसतं. गोंद साफ करून, मधोमध एकच घडी घालून, डब्यात डाव्या बाजूला बुकलेटच्या मागे ठेवा. आत क्लिपा नसतील तर बुकलेटच्या शेवटच्या पानात सरकवा, डिस्कच्या बाजूला नको, नाहीतर कडा घासते.